एजवुडची शाळा आणि कराची वही

एखाद्या विद्यालयाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखक सामान्यतः त्याच्या संस्थापकांची चरित्रे, मुख्याध्यापकांची परंपरा, परीक्षांचे निकाल आणि नामांकित विद्यार्थ्यांची यादी एकत्र करतो. आणि ते विद्यालय दुर्दशेस पोहोचलेले असले, तर त्या दुर्दशेची कारणे शिक्षकांच्या अनास्थेत, विद्यार्थ्यांच्या उनाडपणात किंवा पालकांच्या अज्ञानात शोधून मोकळा होतो. अमेरिकेतील टेक्सस राज्यात, सॅन अँटोनियो नगराच्या पश्चिम भागात, एजवुड हायस्कूल या नावाची जी सार्वजनिक शाळा होती, तिचा इतिहास या शिरस्त्याने लिहू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. त्या शाळेचे भवितव्य तिच्या वर्गांत ठरले नाही; ते ठरले सॅन अँटोनियो ज्यात मोडते त्या बेअर परगण्याच्या करआकारणीच्या दफ्तरात, शाळा-जिल्ह्यांच्या हद्दी दाखविणाऱ्या नकाशावर आणि अखेरीस वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायासनासमोर. गरिबांची शाळा गरीब का राहते, या प्रश्नाचे इतके स्वच्छ, आकड्यांनिशी मांडलेले आणि शपथेवर नोंदविलेले उत्तर दुसऱ्या कोणत्याही शाळेने क्वचितच मागे ठेवले असेल.

सॅन अँटोनियो हे जुने नगर आहे. १७१८ साली स्पॅनिश धर्मोपदेशकांचा मठ आणि त्याच्या रक्षणार्थ उभारलेले लष्करी ठाणे यांच्या आश्रयाने ते वसले. पुढे ते मेक्सिकोच्या, १८३६ नंतर टेक्ससच्या अल्पजीवी गणराज्याच्या आणि १८४५ पासून अमेरिकेच्या अमलाखाली आले. राजवटी बदलल्या, परंतु तेथील स्पॅनिश भाषिक प्रजा मात्र आपल्याच मुलखात हळूहळू दुय्यम स्थानी लोटली गेली. १९१० साली मेक्सिकोत राज्यक्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा सीमा ओलांडून आलेल्या सहस्रावधी कुटुंबांची या प्रजेत भर पडली, आणि नगराच्या पश्चिमेस, जेथे जमीन सखल, रस्ते कच्चे आणि भाडे स्वस्त होते, तेथे त्यांची दाट वस्ती झाली. या वस्तीचा एक मोठा उद्योग म्हणजे पिकन फोडण्याचा. पिकन हे अक्रोडाच्या जातीचे फळ. त्याचे कवच फोडून आतील गर न मोडता काढावयाचा, आणि त्याबद्दल पौंडामागे काही सेंट मजुरी घ्यावयाची, असे हे काम होते. १९३८ सालच्या प्रारंभी ही तुटपुंजी मजुरीही कमी करण्यात आली, तेव्हा सुमारे बारा हजार मजुरांनी, ज्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, संप पुकारला. एम्मा तेनायुका नावाची अवघ्या एकवीस वर्षांची तरुणी त्या संपाची वाणी बनली. संपास काहीसे यश आले खरे. परंतु त्याच वर्षी किमान वेतनाचा राष्ट्रीय कायदा होऊन तासाला पंचवीस सेंट देणे बंधनकारक झाले, आणि ते देण्यापेक्षा यंत्रे बसविणे कारखानदारांना परवडू लागल्यामुळे हजारो हात रिकामे झाले.

या हातांपैकी पुष्कळांना पुढे आधार मिळाला तो केली येथील हवाई दलाच्या तळाचा. पहिल्या महायुद्धाच्या काळी, १९१७ साली, स्थापन झालेला हा तळ दुसऱ्या महायुद्धात अवाढव्य झाला, आणि विमानांची दुरुस्ती करणारे कारागीर म्हणून पश्चिम भागातील असंख्य पुरुषांना तेथे नियमित पगाराची नोकरी लाभली. एजवुड हा त्याच्या शेजारचा कामकरी मुलूख. येथे घरे होती ती लहान, पुष्कळशी लाकडी. कारखाने, मोठ्या पेढ्या किंवा व्यापारी इमारती जवळपास नव्हत्या. आणि जो प्रचंड तळ या वस्तीला रोजगार देत होता, तो केंद्र सरकारच्या मालकीचा असल्यामुळे करमुक्त होता. शिवाय ज्यांना चार पैसे गाठीशी बांधून उत्तरेकडील चांगल्या वसाहतींत राहावयास जाता आले असते, त्यांची वाट खरेदीखतांनी अडविलेली होती. कारण तेथील जमिनींच्या दस्तऐवजांत, ही मालमत्ता मेक्सिकन किंवा निग्रो माणसास विकता येणार नाही, अशी अट घातलेली असे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असल्या अटी न्यायालयांच्या हुकुमाने अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. परंतु तोपर्यंत नगराची वाटणी होऊन गेली होती, आणि कागदावरून पुसलेली रेघ जमिनीवर तशीच राहिली.

आता या भूगोलाचा शाळेशी संबंध कसा, हे समजण्यासाठी अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाच्या खर्चाची व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. शिक्षण हा तेथे केंद्राचा विषय नसून राज्याचा विषय आहे. आणि बहुतेक राज्यांनीही तो पुन्हा लहान लहान शाळा-जिल्ह्यांच्या हवाली केलेला आहे. हा शाळा-जिल्हा महसुली किंवा नगरपालिकेच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. त्याची हद्द स्वतंत्र, त्याचे मंडळ लोकांनी निवडलेले, आणि मुख्य म्हणजे आपल्या हद्दीतील घरांवर, जमिनींवर व दुकानांवर कर बसविण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा. एकाच नगरात, एकाच परगण्यात असे अनेक जिल्हे परस्परांस खेटून असतात, आणि प्रत्येकाच्या शाळा आपापल्या हद्दीतील मालमत्तेवर पोसल्या जातात. टेक्ससच्या १८७६ च्या राज्यघटनेने मोफत सार्वजनिक शाळांची कार्यक्षम व्यवस्था राखणे हे विधिमंडळाचे कर्तव्य ठरविले होते. परंतु प्रत्यक्षात जिल्ह्याजिल्ह्यांतील अंतर इतके वाढले की १९४९ साली विधिमंडळाला गिल्मर-एकिन कायदे या नावाने प्रसिद्ध असलेली सुधारणा करावी लागली. तिच्या अन्वये प्रत्येक जिल्ह्यास किमान खर्चाची हमी देणारा एक निधी निर्माण झाला. त्यातील सुमारे ८० टक्के भार राज्याने आणि २० टक्के सर्व जिल्ह्यांनी मिळून आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलावयाचा, असे ठरले. किमान गरजेच्या वर ज्याला जितका खर्च करावयाचा असेल तितका त्याने आपल्या हद्दीतील करातून करावा, अशी मुभा मात्र शिल्लक राहिली, आणि विषमतेने याच मुभेच्या दाराने पुन्हा प्रवेश केला.

त्या विषमतेचे स्वरूप पाहावयाचे असेल तर बेअर परगण्यातील दोन शाळा-जिल्ह्यांचा १९६७-६८ सालचा जमाखर्च शेजारी शेजारी ठेवून वाचावा. पहिला जिल्हा एजवुड: शाळा २५, विद्यार्थी सुमारे २२,०००, त्यांतील ९० टक्के मेक्सिकन वंशाचे आणि ६ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय, कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न ४,६८६ डॉलर, आणि एका विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची, म्हणजे साऱ्या महानगर परिसरात सर्वांत कमी. दुसरा जिल्हा अलामो हाइट्स, नगराच्या उत्तरेस उंचावर वसलेल्या सुखवस्तू उपनगराचा: शाळा ६, विद्यार्थी सुमारे ५,०००, बहुतेक गौरवर्णीय, उत्पन्न ८,००१ डॉलर, आणि एका विद्यार्थ्यामागे मालमत्ता ४९,००० डॉलरहून अधिक. एजवुडच्या लोकांनी आपल्यावर बसविलेला कर शंभर डॉलरच्या मालमत्तेस १.०५ डॉलर या दराचा होता, आणि तो परिसरातील सर्वांत चढा दर होता. अलामो हाइट्सचा दर होता ०.८५. राज्याच्या निधीतील आपला वाटा दिल्यानंतर या चढ्या दराने एजवुडच्या पदरात पडले दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर. आणि त्या उतरत्या दराने अलामो हाइट्सच्या पदरात पडले ३३३ डॉलर. राज्याचा किमान निधी उभयतांस जवळजवळ सारखाच मिळाला: एकास २२२, दुसऱ्यास २२५. केंद्र सरकारने गरिबांच्या शाळांसाठी दिलेली मदत धरूनही एजवुडचा एकूण खर्च ३५६ डॉलरवर थांबला आणि अलामो हाइट्सचा ५९४ वर पोहोचला.

हे आकडे वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. गरीब वस्तीतील पालकांना शिक्षणाची किंमत नसते, असा जो सार्वत्रिक आक्षेप असतो, त्याचे खंडन करण्यास येथे वक्तृत्वाची गरज उरत नाही. कारण आपल्या मुलांच्या शाळेसाठी सर्वांत अधिक दराने कर देण्यास जे लोक राजी झाले, तेच हे लोक होते. त्यांची इच्छा मोठी होती, परंतु ज्या पायावर कर बसवावयाचा तो पायाच लहान होता.

या जमाखर्चाचे परिणाम शाळेत पाऊल टाकताच दृष्टीस पडत. शिक्षकांच्या पगाराची कमाल मर्यादा अलामो हाइट्सच्या सुमारे ८० टक्के इतकीच असल्यामुळे अनुभवी व पात्र शिक्षक येथे टिकत नसत. १९६८-६९ साली अलामो हाइट्सचे सारेच्या सारे शिक्षक पदवीधर होते, तर एजवुडचे ८० टक्के. आणि एजवुडमधील सुमारे ४७ टक्के शिक्षक पूर्ण पात्रतेवाचून, नडीअडचणीसाठी दिलेल्या परवान्यांवर शिकवीत होते, जे प्रमाण अलामो हाइट्समध्ये ११ टक्के होते. इमारतींची डागडुजी वर्षानुवर्षे तुंबलेली. साहित्याचा तुटवडा नित्याचा. त्यात भाषेचा जाच वेगळाच होता. १९१८ सालच्या कायद्याने टेक्ससच्या सार्वजनिक शाळांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकविण्यास बंदी घातली होती, आणि तिचा अर्थ बहुतेक शाळांनी इतका ताणला होता की मधल्या सुटीत खेळाच्या मैदानावर आईच्या भाषेत दोन शब्द बोलणाऱ्या मुलासही शिक्षा होई. घरी जी बोली, ती शाळेत अपराध ठरावी, आणि जी भाषा यावी अशी सक्ती, ती शिकविण्यास पुरेसे शिक्षक नसावेत, अशा दुहेरी कोंडीत ही मुले सापडली होती.

१९६८ च्या वसंतात ही कोंडी फुटली. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी मार्चमध्ये वर्गांवर बहिष्कार टाकला होता. एप्रिलमध्ये सॅन अँटोनियोच्याच लेनियर हायस्कूलमध्ये असंतोषाने डोके वर काढले. आणि १६ मे १९६८ रोजी एजवुड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले व मिरवणुकीने शाळा-जिल्ह्याच्या अधीक्षकांच्या कचेरीवर गेले. त्यांच्या मागण्यांत कोणत्याही राज्यक्रांतीची भाषा नव्हती. साहित्य पुरेसे द्या, इमारत नीट करा आणि शिकविता येईल असे शिक्षक नेमा, हा त्या तक्रारींचा मथितार्थ. ज्या वयात विद्यार्थी शाळा बुडविण्यासाठी निमित्ते शोधतात, त्या वयात या मुलांनी शाळा सोडली ती आपणांस नीट शिकवावे एवढ्या मागणीसाठी, ही गोष्ट त्या काळच्या अमेरिकन वृत्तपत्रांनी जितक्या गांभीर्याने घ्यावयास हवी होती तितकी घेतली नाही.

मुलांच्या पाठोपाठ पालक उठले. त्यांची एक संघटना बनली, सभा भरू लागल्या, आणि प्रारंभी सर्वांचा रोष स्वाभाविकपणे वळला तो स्थानिक कारभाऱ्यांवर: आपण एवढा कर भरतो, मग पैसा जातो कोठे? कोणीतरी तो खातो किंवा उधळतो, अशी शंका येणे साहजिक होते. याच सुमारास आर्थर गॉकमन या वकिलाशी पालकांची गाठ पडली. त्याने कागदपत्रे चाळून त्यांच्या ध्यानी आणून दिले की अपहाराचा शोध घेणे व्यर्थ आहे, कारण खाण्याइतका पैसा मुळात जमाच होत नाही, आणि दोष कोणा एका कारभाऱ्याचा नसून राज्याच्या कायद्याचा आहे. येथून या तक्रारीचे रूपच पालटले. शाळेच्या अधीक्षकाविरुद्धचे गाऱ्हाणे टेक्सस राज्याविरुद्धची फिर्याद बनले. १० जुलै १९६८ रोजी ती केंद्रीय जिल्हा न्यायालयात दाखल झाली, आणि वादींमध्ये अग्रभागी नाव आले दिमेत्रिओ रॉड्रिगेझ यांचे. रॉड्रिगेझ हे केलीच्या तळावर पत्रेकाम करणारे कारागीर. युद्धकाळी त्यांनी लष्करी सेवा बजावलेली. त्यांची मुले एजवुडच्या प्राथमिक शाळेत शिकत होती, जिच्या इमारतीचा वरचा मजला धोक्याचा म्हणून बंद ठेवलेला होता. देशासाठी युद्धात उतरलेल्या मनुष्यास आपल्या मुलांच्या शाळेच्या छपरासाठी त्याच देशाच्या न्यायालयात उभे राहावे लागावे, यातील विसंगती त्यांच्या वस्तीत कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने सॅन अँटोनियो येथे सहा दिवस जाहीर सुनावणी घेतली. पश्चिम भागातील विद्यार्थ्यांनी तेथे शपथेवर साक्षी दिल्या; स्पॅनिश बोलल्याबद्दल मिळालेल्या शिक्षांच्या हकीकती राष्ट्रीय दफ्तरात प्रथमच अशा विस्ताराने नोंदल्या गेल्या. पुढच्याच वर्षी टेक्ससच्या विधिमंडळाने अर्धशतकापूर्वीची भाषाबंदी उठवून द्विभाषिक शिक्षणास मोकळीक दिली. भाषेच्या बाबतीत कायदा इतक्या सहज वाकला. पैशाच्या बाबतीत मात्र तो ताठ राहिला. १९६९ साली होसे कार्देनास हे एजवुडचे अधीक्षक झाले. मेक्सिकन वंशाची व्यक्ती या जिल्ह्यात त्या पदावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. आपलीच तिजोरी रिकामी असल्याचे न्यायालयात सिद्ध करण्याचे विचित्र कर्तव्य या अधीक्षकाच्या वाट्यास आले, आणि त्यांनी ते मनापासून बजावले.

खटल्याच्या नावात फिर्यादीच्या आधी प्रतिवादीचे नाव लागले, आणि तेही अशा प्रतिवादीचे की जो पुढे प्रतिवादी उरलाच नाही. मूळ फिर्यादीत परिसरातील सात शाळा-जिल्हे प्रतिवादी होते. त्यांना न्यायालयाने वगळले. त्यांपैकी सॅन अँटोनियो स्वतंत्र शाळा-जिल्हा तर पुढे वादींच्याच बाजूस येऊन मिळाला. तथापि ‘सॅन अँटोनियो विरुद्ध रॉड्रिगेझ’ हे नाव खटल्यास कायमचे चिकटले. २३ डिसेंबर १९७१ रोजी तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने वादींच्या बाजूने निकाल दिला. मुलाच्या शिक्षणाचा दर्जा त्याच्या शेजाऱ्यांच्या मालमत्तेवर अवलंबून ठेवणे हे राज्यघटनेतील समान संरक्षणाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे ठरवून खंडपीठाने व्यवस्था सुधारण्यासाठी राज्यास दोन वर्षांची मुदत दिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात याच धर्तीचा निर्णय दिला होता, आणि देशभर असा समज पसरू लागला होता की शाळांच्या खर्चाची जुनी पद्धत आता मोडीत निघणार.

टेक्ससने वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात अपील केले. १२ ऑक्टोबर १९७२ रोजी युक्तिवाद झाले; राज्याच्या वतीने टेक्सस विद्यापीठातील कायद्याचे विख्यात प्राध्यापक चार्ल्स ॲलन राइट उभे राहिले, आणि वादींच्या वतीने गॉकमन. २१ मार्च १९७३ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला तो एजवुडच्या विरुद्ध. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिले. ते स्वतः व्हर्जिनियातील रिचमंड येथील शिक्षण मंडळाचे अध्यक्ष राहिलेले होते, आणि शाळेचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती असावा ही त्यांची जुनी निष्ठा होती. त्यांची विचारसरणी थोडक्यात अशी: शिक्षण कितीही मोलाचे असले तरी केंद्रीय राज्यघटनेने तो मूलभूत हक्क म्हणून उच्चारलेला नाही, टेक्ससमध्ये कोणासही शिक्षणापासून सर्वस्वी वंचित ठेवलेले नाही, फक्त कोणास अधिक व कोणास कमी मिळते, गरीब माणसे गरीब जिल्ह्यांतच राहतात असेही निःसंशय सिद्ध झालेले नाही, अधिक पैशाने शिक्षण सुधारतेच की नाही, यावर तज्ज्ञांचे मतैक्य नाही, आणि करपद्धतीत सुधारणा हवी असली तरी ती करण्याचे काम न्यायालयाचे नसून विधिमंडळाचे आहे. या तर्काची बांधणी रेखीव आहे, हे त्याच्या टीकाकारांसही नाकारता येणार नाही. परंतु ज्या विधिमंडळाने अन्याय केला त्याच्याकडेच अन्याय निवारण्याची प्रार्थना करावयास सांगणे, हा त्या रेखीवपणाचा शेवट होता.

विरोधी मत लिहिले थरगुड मार्शल यांनी. १९५४ साली वर्णभेदी शाळांविरुद्धचा इतिहासप्रसिद्ध खटला वकील म्हणून जिंकलेले हेच ते मार्शल. त्यांनी भावनेचा आश्रय न घेता पाटीवर गणित मांडावे तसा हिशोब मांडला. स्थानिक नियंत्रणाचा जो मोठेपणा बहुमताने गाइला, तो एजवुडच्या बाबतीत किती पोकळ आहे, हे दाखविण्यासाठी त्यांनी विचारले की परगण्यातील सर्वाधिक उत्पन्न मिळविणाऱ्या जिल्ह्याची बरोबरी करावयाची तर कोणास किती दराने कर बसवावा लागेल? उत्तर आले: अलामो हाइट्सला शंभर डॉलरमागे ०.६८ आणि एजवुडला ५.७६. आणि राज्याच्या कायद्याने या कराची कमाल मर्यादा ठरविलेली होती १.५० डॉलर. म्हणजे एजवुडच्या लोकांनी घरे गहाण टाकून बरोबरी करावयाची म्हटली असती, तरी ती करणे बेकायदेशीर ठरले असते. ज्या स्वातंत्र्याच्या नावाने ही व्यवस्था टिकविली जात होती, ते स्वातंत्र्य कायद्यानेच त्यांना नाकारलेले होते. पैशाचा आणि दर्जाचा संबंध नाही या युक्तिवादावर मार्शल यांचे उत्तर तर एखाद्या कसलेल्या वकिलाच्या उलटतपासणीसारखे बिनतोड आहे: तसा संबंध नसेल, तर बेव्हर्ली हिल्स आणि ग्रोस पॉइंट यांच्यासारखे देशातील धनाढ्य शाळा-जिल्हे, ज्यांचा टेक्ससच्या कायद्याशी काडीचाही संबंध नाही, ते तो कायदा टिकावा म्हणून एवढ्या आवेशाने न्यायालयात का धावले?

निकालानंतर गरीब माणूस पुन्हा हरला, अशा आशयाचे उद्गार रॉड्रिगेझ यांनी काढले. कार्देनास यांनी त्याच वर्षी अधीक्षकपद सोडले आणि शाळांच्या अर्थव्यवस्थेच्या सुधारणेलाच वाहून घेणारी संस्था स्थापन केली. केंद्रीय न्यायालयाचे दार बंद झाल्यावर एकच मार्ग उरला होता: राज्याच्या न्यायालयात जाऊन राज्याच्याच घटनेचा दाखला द्यावयाचा. मध्यंतरी अकरा वर्षे गेली. १९८४ साली मेक्सिकन अमेरिकन लीगल डिफेन्स अँड एज्युकेशनल फंड या संस्थेने, जिचा जन्मही १९६८ सालीच सॅन अँटोनियोत झाला होता, एजवुड व इतर गरीब जिल्ह्यांच्या वतीने राज्याचे शिक्षण आयुक्त विल्यम किर्बी यांच्याविरुद्ध फिर्याद दाखल केली. या वेळी आधार घेतला होता तो १८७६ च्या घटनेतील त्याच कलमाचा, ज्यात कार्यक्षम व्यवस्थेची जबाबदारी विधिमंडळावर टाकलेली होती. खटला कनिष्ठ न्यायालयात जिंकला, वरच्या न्यायालयात हरला, आणि २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयात नऊही न्यायाधीशांच्या एकमताने पुन्हा जिंकला. त्या निकालपत्रात जुनीच जोडी नव्या आकड्यांनिशी पुन्हा भेटते: दर विद्यार्थ्यामागे एजवुडची मालमत्ता ३८,८५४ डॉलर, अलामो हाइट्सची ५,७०,१०९, आणि साऱ्या राज्यातील सर्वांत श्रीमंत व सर्वांत गरीब जिल्ह्यांतील प्रमाण सातशेस एक. वीस वर्षांपूर्वी या दोन जिल्ह्यांच्या मालमत्तेचे गुणोत्तर आठपटीचे होते. आता ते चौदापटीच्याही पुढे गेले होते. न्यायालये तारखा देत होती, तेवढ्या अवधीत विषमता थांबून राहिली नव्हती.

यानंतरची हकीकत विधिमंडळाच्या चालढकलीची आहे, आणि ती विस्ताराने सांगण्याजोगी नाही. दोन वेळा कायदा झाला आणि दोन्ही वेळा न्यायालयाने तो अपुरा किंवा घटनाबाह्य ठरविला; अखेरीस १९९३ साली असा कायदा आला की श्रीमंत शाळा-जिल्ह्यांनी ठराविक मर्यादेपलीकडील आपली करसंपत्ती गरीब जिल्ह्यांसाठी मोकळी करावी, आणि १९९५ साली न्यायालयाने तो मान्य केला. लोकांनी त्यास ‘रॉबिनहूड’ असे टोपणनाव दिले. नाव ठेवणारांचा रोख उपहासाचा होता. जणू काही कायद्याच्या आश्रयाने चाललेली दरोडेखोरीच ती. परंतु या व्यवस्थेमुळे गरीब जिल्ह्यांना जो पैसा मिळाला तो खरा होता, इमारती झाल्या त्या खऱ्या होत्या, आणि दोन जिल्ह्यांतील दरी पूर्वीपेक्षा पुष्कळ अरुंद झाली, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते.

एजवुड हायस्कूलला मात्र या सुधारणेचे फळ फारसे चाखता आले नाही. जिल्ह्यातील वस्ती विरळ होत चालली होती. जे वर येत ते उत्तरेकडे निघून जात. आणि १९९० च्या दशकात ज्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी हा सारा इतिहास सुरू केला, ती हायस्कूल म्हणून बंद करण्यात आली व तिचे विद्यार्थी जिल्ह्यातील अन्य शाळांत वर्ग झाले. १९९८ साली खासगी देणगीदारांनी पाच कोटी डॉलरची योजना जाहीर करून एजवुडमधील कोणत्याही गरीब विद्यार्थ्यास खासगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. सार्वजनिक शाळा सुधारण्यापेक्षा त्यांतून मुले बाहेर काढावीत, या मताच्या लोकांनी आपल्या प्रयोगासाठी नेमके हेच गाव निवडावे, हाही योगायोग म्हणता येत नाही. २००१ साली केलीचा तळ बंद झाला आणि वस्तीचा जुना आधार तुटला. २०१६ साली स्थानिक मंडळातील बेबनावामुळे राज्यानेच या जिल्ह्याचा कारभार आपण नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती दिला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने, सहाशेवर शाळा-जिल्ह्यांनी मिळून केलेल्या नव्या फिर्यादीत, सध्याची व्यवस्था सदोष असली तरी घटनेच्या किमान अपेक्षा पुऱ्या करते, असा निर्णय देऊन विषय पुन्हा विधिमंडळाच्या पदरात टाकला. वादींमध्ये एजवुडचे नाव याही वेळी होते.

या सर्व वृत्तांतातून काढण्याजोगा निष्कर्ष हा की पैसा मिळाला म्हणजे शाळा आपोआप उजळते, असे एजवुडच्या इतिहासावरून म्हणता येत नाही. उशिरा मिळालेल्या पैशास आधीच्या पन्नास वर्षांची भरपाई करता येत नाही. सोडून गेलेले शिक्षक, स्थलांतरित झालेली कुटुंबे आणि मध्येच शाळा सोडलेल्या पिढ्या कोणत्याही अंदाजपत्रकात परत येत नाहीत. परंतु म्हणून पैशाचा प्रश्न गौण ठरत नाही. जो समाज आपल्या मुलांच्या शाळेचा खर्च शेजाऱ्यांच्या घराच्या किमतीवर सोपवितो, त्याने त्या शाळेच्या निकालाचा दोष मुलांच्या माथी मारू नये, एवढा विवेक तरी एजवुडने शिकवावा. एखाद्या दरिद्री शाळेची परीक्षा घ्यावयाची असेल, तर तिच्या गुणपत्रिकेआधी तिची कराची वही मागवावी, आणि वही वाचून झाल्यावर मगच मास्तरांस व मुलांस प्रश्न विचारावेत.

दिमेत्रिओ रॉड्रिगेझ २०१३ सालच्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, सॅन अँटोनियो येथे निवर्तले. त्यांच्या मुलांच्या शाळेसाठी लढला गेलेला खटला हरला गेला तो कायमचाच: १९७३ चा निकाल अद्याप फिरविण्यात आलेला नाही, आणि शाळांच्या खर्चातील असमानतेविरुद्ध दाद मागू इच्छिणाऱ्या अमेरिकन पालकास आजही आपापल्या राज्याच्या न्यायालयाचेच दार ठोठावावे लागते.